कर्णाचे मन वळवताना

(दृश्य: नगराबाहेरचा रस्ता, एक रथ)

कृष्णाची शिष्टाई निष्फळ ठरली आहे. हस्तिनापुराहून परतताना तो कर्णाला आपल्या रथात बसवून घेतो आणि त्याच्या जन्माचे रहस्य त्याला सांगतो. महाभारताच्या उद्योगपर्वात येथून जो वाद सुरू होतो, त्याचा प्रश्न निखळ नीतीचा आहे: ज्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलायचे ते आपले सख्खे भाऊ आहेत हे कळल्यावर माणसाने पक्ष बदलावा, की ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावे?

समोरच्याला आपले म्हणणे पटवून देण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितली: बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना, आणि तर्क. पात्रांच्या तोंडी वाद घालताना ही साधने सुटी राहत नाहीत. एक लंगडे पडले की उरलेल्या दोघांचेही बळ कसे ओसरते, हे कर्णापुढे झालेल्या या दोन विनवण्यांत स्पष्ट दिसते.

कृष्ण तर्कापासून सुरुवात करतो. कुमारिकेला झालेला पुत्र हा पुढे तिच्याशी विवाह करणाऱ्याचा पुत्र मानला जातो, असे शास्त्र सांगते. म्हणून कर्ण हा धर्मतः पांडूचाच मुलगा ठरतो. मुद्दा बिनतोड आहे. पण त्याला जोडूनच कृष्ण राज्याभिषेकाचे चित्र उभे करतो, पाचही पांडव तुझे पाय धरतील असे सांगतो, आणि सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझ्याकडे येईल, असे आमिष दाखवतो. धर्माच्या युक्तिवादाला लाभाची जोड मिळताच त्याचे वजन घटते, असे मला वाटते. कारण आता कर्णाने होकार दिला, तर तो धर्मासाठी दिला की राज्यासाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

कर्णाचे उत्तर शास्त्राचे खंडन करत नाही. तो सांगतो की मला पाहताच राधेला मायेने पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, आणि तिच्या पिंडाचा लोप माझ्यासारख्या धर्म जाणणाऱ्याने कसा करावा? एका वाक्यात भावना आणि तर्क इतके एकजीव झाले आहेत की ते वेगळे काढताच येत नाहीत. दुर्योधनाच्या आश्रयाने तेरा वर्षे भोगलेल्या राज्याचाही तो उल्लेख करतो. अवघी पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी हा शब्द मोडणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

(दृश्य: गंगेचा काठ, वर चढत जाणारे ऊन)

दुसऱ्या प्रसंगी कुंती येते. पूर्वेकडे तोंड करून, हात उंचावून कर्णाचा जप चालला आहे, आणि उन्हाने कासावीस झालेली कुंती त्याच्या मागे, त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत, सुकत चाललेल्या कमळमाळेसारखी उभी आहे. पाठ तापेपर्यंत जप करून तो वळतो आणि म्हणतो, ‘मी राधेय, अधिरथाचा पुत्र कर्ण, तुला अभिवादन करतो.’ ती उत्तरते, ‘तू कौंतेय आहेस, राधेय नव्हेस.’ सारा वाद या दोन नावांत सामावला आहे.

कुंतीकडे मातृत्वाची आर्तता आहे, पण ती बोलून दाखवण्याचा अधिकार तिने नदीत सोडलेल्या पेटीबरोबरच गमावला होता. कर्ण तेच तिला ऐकवतो: आजवर तू माझ्याशी आईसारखी वागली नाहीस, आणि आज केवळ स्वतःच्या हितासाठी मला उपदेश करतेस. कठोर असले तरी हे उत्तर न्याय्य आहे.

तरीही ती रिकाम्या हाताने परतत नाही. कर्णाची बुद्धी विनवणी नाकारते आणि त्याचे हृदय तिचा काही भाग स्वीकारते. अर्जुनाखेरीज तुझ्या एकाही मुलाला मारणार नाही, तुझे पाच पुत्र राहतीलच, असे वचन तो देतो. पात्राला केवळ जिंकवणाऱ्या किंवा हरवणाऱ्या लेखकाला हे अर्धे स्वीकारणे सुचत नाही, आणि सच्चा नैतिक वाद तर तिथेच जिवंत होतो.

(दृश्य: रणभूमी, संध्याकाळ)

द्रोणपर्वात निःशस्त्र झालेला भीम कर्णाच्या तावडीत सापडतो. कुंतीला दिलेला शब्द आठवून कर्ण त्याला धनुष्याच्या टोकाने केवळ स्पर्श करतो, आणि जिवंत सोडतो.