औषधाची झोप
(मुलांच्या तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेपूर्वी पालकांसमोर दिलेले व्याख्यान)

पालकहो, येथे जमलेल्या बहुतेकांच्या मुलांची तिरळेपणाची शस्त्रक्रिया येत्या काही आठवड्यांत व्हायची आहे. टाके कुठे पडणार आणि किती वेळ लागणार, हे तुमचे डॉक्टर सांगतीलच. बालनेत्र विभागात समुपदेशनाचे काम करताना मला जे वारंवार दिसते, त्याविषयी मी बोलणार आहे. मुलाला शस्त्रक्रियेपेक्षा घरातल्या चार तोंडांच्या चार गोष्टींची भीती जास्त वाटते. आई म्हणते, डॉक्टरकाका नुसता डोळा बघणार आहेत. काका म्हणतात, मुंगी चावल्यासारखे होईल. आजी काहीच न बोलता पदराने डोळे पुसते. चार वर्षांचे मूल या तिघांपैकी आजीवर विश्वास ठेवते.

म्हणून सुरुवात मोठ्यांपासून करू. डोळा खोबणीतून बाहेर काढतात आणि मग परत बसवतात, असा समज मी शिकल्यासवरल्या घरांतही ऐकला आहे. तसे काहीही होत नाही. प्रत्येक डोळा फिरवणारे सहा स्नायू त्याला बाहेरून चिकटलेले असतात. डोळा जागच्या जागी ठेवूनच डॉक्टर पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा थोडासा उघडतात, एखाद्या स्नायूची जागा मागे सरकवतात किंवा एखादा स्नायू आखूड करतात, आणि टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. तिरळा डोळा भाग्याचा असतो, ही समजूतही अजून गेलेली नाही. नवजात बाळाची नजर पहिले काही महिने अधूनमधून भरकटते हे खरे, पण चार महिन्यांनंतरही ती सरळ राहत नसेल तर तपासणी करायलाच हवी. दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की लहान मुलाचा मेंदू एका डोळ्याचे चित्र बाजूला टाकायला शिकतो, आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर तो डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर कमजोर राहते. आळशी डोळ्याला काम करायला लावण्यासाठीच तुमच्यापैकी काही जण मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावत आहात. शस्त्रक्रियेनंतरही पट्टी किंवा चष्मा चालू ठेवावा लागू शकतो, क्वचित पुन्हा शस्त्रक्रियाही करावी लागते. हे आजीआजोबांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘एवढे ऑपरेशन केले तरी चष्मा आहेच’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडते.

मुलाला केव्हा सांगावे, असे सगळेच विचारतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलेले पुरते, सहा-सात वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला सवड मिळते. शब्द साधे असावेत आणि सगळ्या घराचे तेच असावेत: ‘तुझे दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघावेत म्हणून डॉक्टर ते नीट करणार आहेत. तेव्हा तुला औषधाची झोप लागेल, त्यामुळे काही कळणार नाही. उठल्यावर डोळा टोचेल आणि लाल दिसेल. आम्ही तिथेच असू.’

यातला ‘औषधाची झोप’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. पाच वर्षांची एक मुलगी शस्त्रक्रियेचे कळल्यापासून रात्री झोपायलाच तयार नव्हती. काही महिन्यांपूर्वी तिचे आजोबा वारले तेव्हा ‘आजोबा झोपलेत’ असे तिला सांगितले गेले होते, हे तिच्या आईच्या उशिरा ध्यानात आले. आम्ही तिला समजावले की ही झोप औषध चालू असेपर्यंतच टिकते, भुलीचे डॉक्टर सगळा वेळ उशाशी राहून श्वास आणि छातीचे ठोके बघत असतात, आणि औषध थांबले की जाग येते. तिने एकच प्रश्न विचारला, ‘औषध थांबवणार कोण?’ भूलतज्ज्ञ बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, ‘मी.’ त्या रात्री ती झोपली.

घरी बाहुलीची शस्त्रक्रिया करून पाहा. बाहुलीच्या डोळ्यात साध्या पाण्याचे थेंब घाला, कागदी पेला नाकातोंडावर धरून फुगा फुगवल्यासारखे मोठे श्वास घ्यायला लावा, कारण भुलीचा मास्क असाच येतो. मास्कमधल्या औषधाच्या वासाने मूल तोंड फिरवते. औषधाला वास असतो, हे आधीच सांगून टाकावे.

उपाशी ठेवण्याविषयी मात्र मला आग्रहाने बोलायचे आहे. घन पदार्थ आणि वरचे दूध साधारण सहा तास आधी बंद, अंगावरचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, असा सर्वसाधारण नियम असतो. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम समजावी. भुलीत पोटातले अन्न उलटून फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते. मूल रडते म्हणून मायेपोटी हातात दिलेले एक बिस्किट आमच्याकडे शस्त्रक्रिया पुढे ढकलायला पुरेसे ठरते, आणि तसे दिले गेले असेल तर लपवू नका. आम्ही रागावणार नाही. त्या सकाळी घरात पोह्यांना फोडणी देऊ नये, भावंडांनाही शेजाऱ्यांकडे खाऊ घालावे. आदल्या दिवसांत सर्दी, खोकला किंवा ताप आला तर निघण्यापूर्वीच फोन करावा.

भुलीतून बाहेर येताना काही मुले हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हे पाहून आयांचे काळीज हलते, पण थोड्या वेळात हा गोंधळ ओसरतो. या शस्त्रक्रियेनंतर उलट्याही होऊ शकतात. डोळ्याची लाली दोन-तीन आठवडे राहते, म्हणून मूल आरशात पाहील तेव्हा जवळ असावे. दुखणे किंवा सूज वाढत असेल, पू येत असेल, दिसणे कमी झाले असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे.

शेवटी थेंबांविषयी. दोघांनी हातपाय धरून पापण्या ताणल्या की दुसऱ्या दिवसापासून बाटली दिसताच मूल पळते. त्याला उताणे झोपवा, डोळे मिटू द्या, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि थांबा. डोळा उघडताच तो आपोआप आत जातो. त्याआधी एक थेंब बाहुलीला.