वीस हजारांचं कर्ज आणि दिवाळखोरीची धमकी

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइलवर एक मेसेज येतो. वर तीन सिंहांची मुद्रा, बाजूला तराजू, मधे लाल अक्षरांत 'दिवाळखोरीपूर्व अंतिम नोटीस'. थकबाकी असते अठरा-वीस हजारांची, हप्त्यावर घेतलेल्या फोनची नाहीतर क्रेडिट कार्डाची. पाठोपाठ वसुलीवाल्याचा फोन. "मॅडम, आज संध्याकाळपर्यंत भरा. नाहीतर उद्या तुम्हाला दिवाळखोर जाहीर करतो. पेपरात नाव येईल, नोकरी जाईल." आम्हा वकिलांकडे ही माणसं येतात तेव्हा बरेचदा मंगळसूत्र गहाण टाकायचं ठरवूनच येतात.

म्हणून आज या धमकीत किती दम आहे ते बघू.

गंमत अशी, की कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर ही धमकी अगदीच हवेतली नाही. सामान्य माणसाच्या दिवाळखोरीला आपल्याकडे आजही इंग्रजांच्या काळचे दोन कायदे लागू आहेत. मुंबई शहरासाठी १९०९ चा, बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा. त्यांत किमान रक्कम आहे पाचशे रुपये! शंभर वर्षांपूर्वी ती मोठी होती, आज किराणा भरायलाही पुरत नाही. २०१६ मध्ये नवा दिवाळखोरी कायदा आला खरा, पण त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. तुमच्या-माझ्यासाठी तो अजून सुरूच झालेला नाही. तेव्हा वीस हजारांच्या कर्जासाठी कुणी 'एनसीएलटीत', म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, 'खेचतो' म्हणाला, तर त्याला त्या चार अक्षरांचा अर्थ ठाऊक नाही असं खुशाल समजा.

बरं, पाचशेची अट पुरी झाली म्हणून काम झालं का? नाही. फक्त हप्ता थकला एवढ्यावर कोर्ट कुणाला दिवाळखोर ठरवत नाही. घेणेकऱ्यांना चुकवायला तुम्ही परागंदा झालात, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून टाकलीत, कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी तुमची मालमत्ता विकली गेली, असं काहीतरी अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत घडलेलं दाखवावं लागतं. शिवाय सगळं सिद्ध झालं तरी मालमत्ता त्या एका कंपनीच्या हाती पडत नाही. ती कोर्टाच्या ताब्यात जाते आणि सगळ्या घेणेकऱ्यांत वाटली जाते. वकिलाची फी भरून, तारखांना उभं राहून, वर वाटणीला बसायचं. वीस हजारांसाठी हा उद्योग कोण करील? उलट हाच कायदा कर्जात बुडालेल्या माणसाला स्वतः कोर्टात जाऊन संरक्षण मागू देतो. ती बाजू वसुलीवाला कधी सांगत नाही.

मग भ्यायचं कशाला? चेकला. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, पण दिलेला चेक न वटणं हा चेक-हुंड्यांच्या कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तरी तशीच तरतूद आहे. तिथे आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर खटला उभा राहत नाही. ही नोटीस न उघडता कपाटात टाकणं म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं.

दुसरी जागा पतसंस्थेची. सहकारी पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते. त्यावर थेट जप्ती येते. वसुली अधिकारी दारात आला तर त्याला फोनवरच्या पोरासारखं झटकून टाकू नका. सुनावणीची नोटीस येते तेव्हाच जाऊन आपलं म्हणणं मांडा.

आणि दिवाणी दावा. हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. पंचवीस हजार पगार असेल तर सतरा हजार तुमचेच. राहिला तुरुंग. गरिबीमुळे कर्ज फेडता आलं नाही म्हणून माणसाला आत टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटक करताच येत नाही.

कागद खरा की खोटा हे कसं ओळखायचं? कोर्टाच्या प्रकरणाला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून बघा. काहीच निघालं नाही, तर पाठवणाऱ्याकडेच खुलासा मागा. लोकअदालतीची नोटीस मात्र अनेकदा खरी असते. तिथे जरूर जा, पण तडजोड तुमच्या संमतीशिवाय होत नाही, हे धरून जा.

फोनचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही. शिवीगाळ नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी नाही, नातेवाइकांना छळणं नाही. गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेल्या भगिनींनो, तुमच्यासाठी वेळ आणखी आखूड आहे, नऊ ते सहा. वसुली ठरलेल्या जागी व्हायची. तिथे तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच त्यांनी घरी यायचं. रात्री ओट्यावर ठाण मांडून बसणारे साहेब नियम मोडताहेत. त्यांना ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, फोन रेकॉर्ड करा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी क्रमांक १४४४८. मारहाणीची भाषा आली तर तीस दिवस थांबायचं नाही, सरळ पोलीस ठाणं गाठायचं. आणि या फोनांनी जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ वर बोला. तो टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे.

पैसे देणं आहे ते द्यायचंच आहे. पण एजंटाच्या स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही नको. तडजोड ठरली तर कंपनीचं पत्र आधी, पैसे नंतर, आणि मग नो ड्यूज प्रमाणपत्र. कमी रकमेत मिटवलं तर सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो, पुढच्या कर्जाला तो नडतो. जमत असेल तर हप्ते वाढवून मागा आणि पूर्ण फेडा.

शेवटी जुन्या कर्जांबद्दल. शेवटचा हप्ता भरून किंवा देणं लेखी मान्य करून तीन वर्षं उलटली असतील, तर साध्या कर्जाचा दावा सहसा मुदतबाह्य होतो. नेमक्या अशा वेळी एखादा गोड बोलणारा माणूस येतो. "ताई, पैसे सावकाश द्या, फक्त देईन एवढं लिहून सही करा." ती सही केलीत तर मेलेलं प्रकरण नव्या करारासारखं उभं राहतं. त्याला चहा पाजा, पण कागद ठेवून घ्या आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीत दाखवा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

नमस्कार.