तात्याचा खोकला

नमस्कार मंडळी. आज तुम्हाला आमच्या तात्याबद्दल सांगणारे मी. आधीच सांगून टाकते, तात्या माणूस नाही, पोपट आहे, आणि पोपट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जो हिरवा, लाल चोचीचा, पेरू कुरतडणारा मिठू आला ना, तोपण नाही. तात्या राखाडी आहे, सफारी सूट घातलेल्या रिटायर्ड मामलेदारासारखा, फक्त शेपटी लालभडक. आफ्रिकन ग्रे म्हणतात याला. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला पक्षी, आणि साताऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर तो तेवीस वर्षं राहिला.

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणजे अठ्ठ्याहत्तरचे, काकू गेल्यावर एकटेच होते. मुलगा नागपूरला, आता काका त्याच्याकडंच राहायला निघाले होते. मुलाच्या घरात लहान बाळ, बाळाला दम्याचा त्रास, आणि ग्रे पोपटाच्या अंगावरून टाल्कम पावडरसारखा पांढरा भुगा सतत झडत असतो, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलेलं. काका एक दिवस संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले, चपला न काढताच म्हणाले, तुझ्याकडं राहील का गं तो? मी काय बोलणार, हो म्हणून बसले. आमच्या ह्यांनी आतून फक्त पेपर खाली केला आणि माझ्याकडं बघितलं. बत्तीस वर्षांचा संसार आहे, त्या बघण्याचा अर्थ मला बरोब्बर कळतो.

लोकांनी सल्ले काय दिले विचारू नका. सोसायटीतल्या एकीनं सांगितलं, सोडून द्या हो, पुण्य लागेल. अहो, तेवीस वर्षं वाटीत खाल्लेला पक्षी, ना इथलं झाड माहीत ना इथली घार, सोडला तर पुण्य लागायच्या आत मांजर लागेल त्याच्या मागं. दुसऱ्या एकानं सांगितलं, पोपट पाळणं गुन्हा आहे, आत टाकतील. त्यात निम्मं खरंय. आपले देशी पोपट, तो हिरवा मिठू, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, म्हंजे गावोगावी ठेवलेले दिसतात ती गोष्ट वेगळी. परदेशी पक्ष्यांचं वेगळं आहे. २०२४ साली नियम आले, असे प्राणी घरात असतील तर परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची, आणि एकाकडून दुसऱ्याकडं गेला तरी तेही कळवायचं. काकांच्या मुलानं तात्याचं नाव तिथं घातलेलं होतं म्हणून बरं, पुढचं आम्ही केलं. ग्रे पोपट तर २०१७ पासून साइट्सच्या, म्हंजे दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या देशोदेशींच्या कराराच्या, सगळ्यात कडक यादीत आहे, कारण पिंजऱ्यांसाठी एवढे पकडले की घानासारख्या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. हे मला आधी माहीत नव्हतं. कळल्यावर पिंजऱ्याकडं बघताना जरा लाज वाटली, माझी काही चूक नसतानासुद्धा.

असो. तात्या आला. पिंजरा, एक गोल गुळगुळीत दांडी, सूर्यफुलाच्या बियांचा दोन किलोचा डबा आणि एक जुना टॉवेल. आणि खोकला. पहिल्याच रात्री बारा वाजता हॉलमधून असा खोकला आला, अगदी छातीतून, खोल, शेवटी कण्हणं, की हे उठून पळत गेले, त्यांना वाटलं चोर शिरलाय आणि चोराला दमा आहे. दुसऱ्या दिवशीपण तेच. मी घाबरले. गावातल्या एका डॉक्टरकडं नेला, ते गाई-म्हशी-कुत्र्यांचे, स्वभावानं चांगले पण पोपट त्यांनी हातात धरला तोच छातीवर मूठ आवळून. वजन केलं नाही, नाकात बघितलं नाही, खोकला ऐकला आणि खोकल्याचं औषध दिलं. पाच दिवस मी ते औषध टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या चोचीत घातलं, आणि पाचव्या दिवशी त्यानं माझ्या अंगठ्याचं जे काही केलं त्याला दोन टाके पडले.

मग पुण्याला नेला, पक्षी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं. साताऱ्याहून शंभरेक किलोमीटर, पिंजऱ्यावर चादर टाकून, गाडीत गाणी बंद. वेटिंग रूममध्ये तात्या खोकला. बाई आतूनच म्हणाल्या, याच्या घरात म्हातारं माणूस होतं का? मी म्हटलं हो, काका. म्हणाल्या, हा खोकला काकांचा आहे. तो आजारी नाही खोकल्यानं, तो काकांची नक्कल करतोय. मंडळी, मी पाच दिवस पोपटाच्या तोंडात काकांच्या खोकल्याचं औषध घालत होते! पोपट झाला म्हणतात ना, तो माझा झाला.

मला हसू आलं, त्या नाही हसल्या. म्हणाल्या, आवाज ऐकू नका, शेपटी बघा. बघितलं तर खरंच, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली हलत होती, पंपाच्या दांड्यासारखी. हे खरं आजारपण. पक्षी दुखणं लपवतो, जंगलात आजारी दिसला की खाल्ला जातो, तेव्हा तो दिसेल असा आजारी पडतो तोपर्यंत खूप पुढं गेलेलं असतं. त्याच्या एका नाकपुडीत खडा होता, वाळून दगड झालेला. वर्षानुवर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या की अ जीवनसत्त्व मिळत नाही, नाकातोंडातली आतली त्वचा जाड होते, कोंडा साचत जातो. भूल देऊन त्यांनी तो खडा काढला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. रक्तात कॅल्शियम कमी, या जातीत हे फार होतं, जास्त कमी झालं तर झटके येतात. पायाच्या तळव्याला घट्टे, कारण तेवीस वर्षं एकाच जाडीची दांडी. वजन ३७२ ग्रॅम, असायला हवं चारशेच्या पुढं. आणि वर पिसाची डीएनए टेस्ट केली तर तात्या बाई निघाला! नर-मादी दिसायला सारखेच असतात यांच्यात, काकांना कधी कळलंच नाही. आता तात्या ती म्हणायचं का तो, यावर घरी दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी ठरलं की नाव आणि व्याकरण जसं आलंय तसंच राहू दे.

काकांना मी हे सगळं नाही सांगितलं. ते बिया प्रेमानंच घालत होते, तेवीस वर्षं एकही दिवस वाटी रिकामी नव्हती. माणसं प्रेमानं साजूक तूप घालून कुत्री मारतात, त्यातलाच हा प्रकार, त्यात राग कुणावर काढणार.

खरी गंमत चावण्याची. तो मला चावायचा, ह्यांना चावायचा, कामवाल्या मावशींना एकदाच चावला आणि नंतर त्या हॉलमध्ये झाडू लांबूनच मारायच्या. मी म्हणायचे स्वभावच खुनशी आहे, आठवण धरून बसतो. बाईंनी टॉर्च मारला आणि दाखवलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. बुबुळातला काळा ठिपका दुधाळ झालेला. मला वाटायचं वयानं डोळे असे होत असतील. आता तुम्हीच विचार करा, डाव्या बाजूला तुम्हाला काही दिसत नाही आणि तिथून अचानक पाच बोटं येतात, ज्या बोटांनी काल तुम्हाला टॉवेलात आवळलं होतं. मीपण चावले असते. त्या दिवसापासून आम्ही सगळे उजवीकडून जातो, आणि जाताना आधी बोलतो. एवढं एक केलं आणि निम्मं चावणं थांबलं.

आणि टॉवेलमध्ये धरायचा तर मान आणि डोकं सांभाळायचं, छातीवर दाब अजिबात नाही. आपल्याला श्वासपटल, म्हंजे छाती आणि पोटामधला श्वास ओढणारा पडदा असतो, पक्ष्याला नसतो, त्याची छातीची हाडं पुढंमागं हलली तरच हवा आत जाते, मूठ आवळली की तो गुदमरतो. मी जीवच घेतला असता त्याचा, औषध घालता घालता.

उरलेल्या निम्म्या चावण्याला चार महिने लागले. पहिले पंधरा दिवस मी काहीच केलं नाही, पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचला, तेही मोठ्यानं. बातम्या, निधनवार्ता, बाजारभाव सगळं. मग आइस्क्रीमची एक काडी घेतली, तिला त्यानं चोच लावली की एक सूर्यफुलाची बी. हो, तीच बी. वाटीतून काढून टाकली आणि पगार म्हणून ठेवली, एकदम भाव वधारला तिचा. काडीकडं यायला लागला, काडीच्या मागून जाड फांदीवर पाय ठेवायला लागला, फांदीवरून वजनकाट्यावर. हात नाहीच. रिकामी सिरिंज दाखवायची, मग सिरिंजमध्ये गाजराचा रस, तो चाटायला लागला की मग कधीतरी त्यातच कॅल्शियम. आता औषधाची वेळ झाली की चोच पुढं करून बसतो, टॉवेल कपाटात गेला.

खाणं बदलणं मात्र डोकं फिरवणारं काम आहे. म्हाताऱ्या पोपटाला नवीन पदार्थ म्हणजे खाणं आहे हेच कळत नाही, तो उपाशी बसेल पण लाल भोपळ्याला हात लावणार नाही, म्हणून एकदम काही बंद करायचं नाही, रोज सकाळी वजन करायचं आणि घटलं तर थांबायचं. आम्ही त्याच्या समोर बसून गाजर खायचो, वाहवा काय गाजर आहे असं म्हणत, ह्यांनी तर रताळ्याची एवढी तारीफ केली की मला संशय आला. शेवटी शेवग्याच्या पाल्यानं दार उघडलं. मिरची तर हावरटासारखी खातो, कितीही तिखट, कारण पक्ष्यांना मिरचीचं तिखट लागतच नाही, आपल्या आज्या पोपटाला मिरची घालायच्या ते काही चुकीचं नव्हतं. अव्होकाडो आणि चॉकलेट मात्र विष.

घर पण बदलावं लागलं हं. नॉनस्टिकचं आप्पेपात्र, तवा, सगळं भाचीला देऊन टाकलं आणि बिडाचा तवा परत काढला, कारण नॉनस्टिक जास्त तापलं की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. धूप, मच्छर कॉइल, रूम फ्रेशनर बंद. सकाळी अर्धा तास पिंजरा गॅलरीत, कोवळ्या उन्हात, अर्धा सावलीत, कारण काचेतून आलेल्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी काही उपयोग नसतो आणि तेवीस वर्षं तो बंद खिडकीच्या काचेमागं बसलेला. ट्रे साफ करताना मी मास्क लावते, पोपटाचा एक ताप माणसाला होतो, फुफ्फुसात जातो, त्याची टेस्ट पुण्यातच करून घेतली होती, निगेटिव्ह आली, तरी लावते.

सगळे विचारतात, बोलतो का? अमेरिकेत ॲलेक्स नावाचा असाच ग्रे होता, दुकानातून आणलेला, त्याला रंग, आकार आणि सहापर्यंत आकडे ओळखता यायचे, २००७ मध्ये गेला, वय फक्त एकतीस. आमचा तात्या रंगबिंग काही ओळखत नाही. तो कुकरच्या शिट्ट्या मारतो, आणि तीनच मारतो, त्यामुळं मी दोनदा कच्ची डाळ उतरवलीय. खांद्यावर बसत नाही, डोकं खाजवू देत नाही. माझ्या बहिणीनं विचारलं, मग उपयोग काय त्याचा? मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही असा मोठ्या वयाचा पक्षी घ्यायचा विचार करत असाल तर हा प्रश्न तुम्हालापण कुणीतरी विचारणारच, आणि खर्चाचा विचारतील, आणि तुमच्यामागं कोण हाही विचारतील. तो शेवटचा प्रश्न बरोबर आहे. मी बावन्नची, तो अजून वीस-पंचवीस वर्षं सहज जगेल. भाचीशी बोलून ठेवलंय, ती उजवीकडून जायला शिकलीय.

काल सकाळी वजन ४१८ भरलं. काट्यावर स्वतः चढला. दुपारी नागपूरहून काकांचा व्हिडिओ कॉल आला, मी फोन त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धरला. काका म्हणाले, तात्या, ए तात्या, बोल की रे. तात्या गप्प, एकटक बघत राहिला, बुबुळ लहानमोठं व्हायला लागलं. काकांना बोलता बोलता ठसका लागला, खोकायला लागले, थांबेचना. थांबल्यावर इकडून तात्यानं तोच खोकला काढला, शेवटच्या कण्हण्यासकट. काका म्हणाले, अरे, बरं नाही वाटत तुला? औषध घे.