कामावर निघालेली नटी : ग्लेंडा जॅक्सन

नमस्कार. १९९२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि लंडनच्या हॅम्पस्टेड-हायगेट मतदारसंघातून मजूर पक्षाच्या तिकिटावर एक नटी निवडून आली. वय पंचावन्न, घरी दोन ऑस्कर. त्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, ही बाई ना रंगमंचावर उभी राहिली ना कॅमेऱ्यासमोर. नट खासदार होणं आपल्याला नवं नाही. पण आपल्याकडे बहुतेकदा सिनेमे चालूच राहतात आणि नटमंडळी सभागृहात दिसली तर त्याचीच बातमी होते. ग्लेंडा जॅक्सननं एक काम सोडलं, दुसरं धरलं. आणि दुसरं संपल्यावर, ऐंशीव्या वर्षी, पुन्हा पहिल्या कामावर रुजू झाली.

‘काम’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अभिनय ही दैवी देणगी आहे, नट म्हणजे कुणीतरी निराळा प्राणी, असल्या बोलण्याचा तिला मनापासून कंटाळा होता. त्याचं मूळ तिच्या घरात सापडतं. ९ मे १९३६ चा तिचा जन्म, गाव बर्कनहेड. मर्सी नदीच्या एका काठाला लिव्हरपूल, दुसऱ्या काठाला हे. वडील गवंडीकाम करायचे. आई दुकानांत राबायची, लोकांच्या घरची साफसफाई करायची. ग्लेंडा हे नाव मात्र हॉलिवूडच्या ग्लेंडा फॅरेल या नटीवरून ठेवलेलं. शाळा सुटल्यावर मुलगी ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानात नोकरीला लागली आणि तिथे दोन वर्षं काढली. संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत जायची. तिथून शिष्यवृत्ती मिळवून १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाली. तुझा चेहरा नायिकेचा नाही, चाळिशीपर्यंत फारशा कामाची अपेक्षा धरू नकोस, असं तिला तिथे ऐकावं लागलं.

ते पहिल्या काही वर्षांपुरतं खरंही ठरलं. १९५७ पासून ती गावोगावच्या रेपर्टरी कंपन्यांत काम करत होती. रेपर्टरी म्हणजे रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. पाठांतर, आवाज, वेळेचं भान, सगळं तिथे घोटून निघतं. पैसा मात्र बेताचाच. मध्ये दीर्घ काळ हाताला काम नव्हतं, तेव्हा मिळेल ती नोकरी केली.

कलाटणी मिळाली ती पीटर ब्रूकमुळे. १९६४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या आसऱ्यानं ब्रूकनं थोडे नट घेऊन एक प्रयोगशाळाच उघडली. फ्रेंच नाटकवेडा आंतोनँ आर्तो याच्या ‘क्रौर्याच्या रंगभूमी’च्या कल्पनेवरून. संवादाआधी शरीर, अर्थाआधी आवाज, असा तो सगळा खटाटोप. त्यातून त्याच वर्षी पीटर वाइस या जर्मन नाटककाराचं ‘मारा-साद’ उभं राहिलं.

या नाटकाची रचना जरा समजून घ्यायला हवी, कारण तिच्या अभिनयाची गोम तिथेच आहे. शारंतोंचं वेड्यांचं इस्पितळ. तिथे डांबलेला फ्रेंच लेखक मार्की द साद रोग्यांकडूनच एक नाटक बसवून घेतो. विषय, फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी मारा याचा खून. खून करणारी शार्लोत कोर्दे. जॅक्सन कोर्दे होत नाही. कोर्देची भूमिका करणारी रोगी होते. आणि ती रोगी निद्रारोगानं ग्रासलेली. तिला वारंवार जागं करावं लागतं, हातात सुरी द्यावी लागते, ओळी आठवून द्याव्या लागतात. पेंगतापेंगता ती खुनाकडे सरकत राहते. एका प्रवेशात साद स्वतःला फटके मारून घेतो. ब्रूकनं चाबूक काढून टाकला आणि जॅक्सन आपल्या लांब केसांनी त्याला मारते असं दाखवलं. १९६७ साली या प्रयोगावर ब्रूकनंच सिनेमा केला, त्यात हे पाहता येतं. केसांचा स्पर्श तो किती हलका, पण अंगावर काटा येतो. प्रेक्षकानं आपल्याला समजून घ्यावं, आपली कीव करावी, असं तिच्या चेहऱ्यावर कुठेही नसतं. हा तिचा गुण शेवटपर्यंत टिकला, आणि माझ्या मते तोच तिचा सगळ्यात मोठा गुण.

१९६५ मध्ये तिनं शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली ऑफिलिया केली. ऑफिलिया म्हणजे रडवेली, फुलं वाटणारी पोर, अशी आपली सवय. हिची ऑफिलिया एवढी धारदार होती की ही तर हॅम्लेटच करू शकेल, असं एका समीक्षिकेनं लिहिलं. त्या वेळी ते विधान गमतीचं वाटलं असेल.

पुढे केन रसेलचा ‘विमेन इन लव्ह’, १९६९. डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीतली गुड्रुन. मोठाल्या शिंगांच्या, झिपऱ्या गुरांच्या कळपासमोर ती हात पसरून नाचते तो प्रवेश ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चित्रीकरण चालू होतं तेव्हा ती गरोदर होती. या भूमिकेला ऑस्कर मिळालं. ती घ्यायला गेली नाही. पुढे ‘अ टच ऑफ क्लास’साठी दुसरं मिळालं, तेव्हाही गेली नाही. दोन्ही बाहुल्या आईकडे होत्या आणि आईनं त्या घासूनपुसून इतक्या लख्ख ठेवल्या की वरचा सोनेरी मुलामाच उडाला, आतला साधा धातू दिसायला लागला. ही गोष्ट जॅक्सन मजेत सांगायची, आणि ऑस्करची खरी किंमत काय ते यावरून ओळखा असंही सुचवायची.

१९७१ हे वर्ष तर अचाट आहे. बीबीसीवर ‘एलिझाबेथ आर’ ही सहा भागांची मालिका, एकेक भाग जवळपास दीड तासाचा. जीव मुठीत धरून जगणाऱ्या तरुण राजकन्येपासून रंगाचे थर चढवलेल्या म्हाताऱ्या राणीपर्यंत सगळी वयं एकटीनं पेलली. राणीचं उंच कपाळ दिसावं म्हणून डोक्याचा पुढचा भाग वस्तऱ्यानं साफ करून घेतला. विग लावूनही भागलं असतं, पण नाही! त्याच वर्षी ‘संडे ब्लडी संडे’ आला. एकाच तरुणाशी संबंध असलेली एक बाई आणि एक प्रौढ डॉक्टर, दोघांनाही तो अर्धाच मिळतो. त्यातली तिची अॅलेक्स माझ्या विशेष आवडीची. बशीभर सिगारेटची थोटकं, पसरलेलं घर, आणि चाललंय ते आपल्याला पुरेसं आहे का याचा विचार करणारा चेहरा.

आणि याच वर्षी ती मोरकम आणि वाइज या विनोदी जोडगोळीच्या टीव्ही कार्यक्रमात क्लिओपात्रा होऊन आली. आपल्या तमाशातल्या बतावणीसारखा प्रकार : थोरामोठ्यांना बोलवायचं आणि त्यांची यथेच्छ फिरकी घ्यायची. तिनं चेहऱ्याची सुरकुतीही न हलवता धमाल केली. ते पाहून दिग्दर्शक मेल्विन फ्रँकनं तिला ‘अ टच ऑफ क्लास’मध्ये घेतलं. म्हणजे दुसऱ्या ऑस्करचं मूळ शेक्सपिअर कंपनीत नाही, या चेष्टामस्करीत आहे.

नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत इब्सेनची हेडा गाबलर, कवयित्री स्टीव्ही स्मिथ, पुन्हा ब्रूककडे खरीखुरी क्लिओपात्रा, ब्रॉडवेवर लेडी मॅकबेथ असं बरंच आहे. सिनेमे काही बरे, काही अगदीच सुमार. ते मी सोडून देतो.

राजकारणात ती हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंच्या धोरणांवरच्या संतापातून आली, हे तिनं कधी लपवलं नाही. १९९७ ला मजूर पक्ष सत्तेवर आल्यावर वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री झाली. १९९९ मध्ये लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी मिळवायला राजीनामा दिला, पण पक्षानं दुसऱ्याला निवडलं. मंत्री म्हणून तिची छाप फारशी पडली नाही, हे सांगायला हवं. छाप पडली ती मागच्या बाकांवरून. इराक युद्धावरून तिनं स्वतःच्याच पंतप्रधानांना, टोनी ब्लेअरना, धारेवर धरलं. २०१० मध्ये अवघ्या ४२ मतांनी जिंकली.

एप्रिल २०१३ मध्ये थॅचर गेल्या. संसदेच्या कॉमन्स सभागृहात श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. जॅक्सन उठली आणि आपल्या मतदारसंघात त्या काळात काय पाहिलं ते सांगू लागली : पडझड झालेल्या शाळा, रस्त्यावर झोपणारी माणसं, दुर्गुणांनाच सद्गुण ठरवणारी समाजाची नवी रीत. समोरून हुजूर पक्षाची आरडाओरड. तिनं आवाज चढवला नाही, रुंद केला. लिंगानं पहिली स्त्री पंतप्रधान, हे ठीक. पण माझ्या व्याख्येतली स्त्री नव्हे, असा तिचा शेवट होता. हे शेवटचं मला पटत नाही. स्त्री कोण हे धोरणावरून कसं ठरवायचं? पण भाषण जरूर ऐका. एका सदस्यानं त्यावर हरकत घेतली, सभापतींनी ती मानली नाही.

हाच आवाज २०१६ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये ऐकू आला, किंग लिअरच्या तोंडून. दिग्दर्शिका डेबोरा वॉर्नर. आपल्याला लिअर म्हटलं की शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर आठवतात आणि डॉक्टर लागूंचा आवाज कानात घुमतो. डॉक्टर १९७० मध्ये ‘नटसम्राट’ला उभे राहिले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. तरुण अंगावर म्हातारपण चढवायचं होतं. जॅक्सन खरोखरच ऐंशीची होती. तिला राजेपण चढवायचं होतं, आणि पुरुषपणही. पुरुषांनी स्त्रिया रंगवल्याचं आपल्याला अप्रूप नाही, पण हे उलट आणि या वयात! तिनं पुरुषी चाल, दाढी वगैरे काही घेतलं नाही. खासदार म्हणून वृद्धाश्रमांत जाताना तिच्या लक्षात आलं होतं की फार म्हातारपणी बाई आणि पुरुष यांच्यातली रेघ पुसट होत जाते. तिचा लिअर त्या निरीक्षणातून आला. म्हणून ती तेवीस वर्षं रंगभूमीच्या हिशेबात वाया गेली असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

२०१८ मध्ये ब्रॉडवेवर एडवर्ड ऑल्बीच्या ‘थ्री टॉल विमेन’साठी टोनी पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी तिथेच वेगळ्या दिग्दर्शकाबरोबर नव्यानं लिअर, आठवड्याला आठ प्रयोग. ब्याऐंशीव्या वर्षी! १५ जून २०२३ ला ती गेली. मायकेल केनबरोबरचा ‘द ग्रेट एस्केपर’ त्यानंतर काही महिन्यांनी पडद्यावर आला. १९७५ च्या एका सिनेमात हीच दोघं नवरा-बायको झाली होती.

तिचं काहीच न पाहिलेल्यांना सहसा ‘एलिझाबेथ आर’पासून सुरुवात करायला सांगतात. मी ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ सांगेन. २०१९ चा हा दीडेक तासाचा टीव्ही चित्रपट आहे. स्मृतिभ्रंश झालेली मॉड आपल्या हरवलेल्या मैत्रिणीला शोधत फिरते, खिशात चिठ्ठ्या कोंबते, लोकांवर खेकसते. त्यात ती किती वेळा चिडते ते बघा, आणि किती कमी वेळा रडते तेही. मग मागे जाऊन ‘मारा-साद’ लावा.