परदेशातली एक सही आणि गावातला दावा

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि बंधुभगिनींनो,

माझी ओळख करून देताना मी विनामूल्य चालवलेल्या दाव्यांचा उल्लेख झाला. त्याच कामाविषयी मी बोलणार आहे, कारण परदेशात राहणाऱ्या तुमच्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो, मिरामारच्या कायदा महाविद्यालयातून पदवी घेतली आणि गेली वीस वर्षे डिचोली व पणजी येथील न्यायालयांत दिवाणी वकिली करीत आहे. आमच्याकडे दिवाणी दावा म्हणजे बहुतेक वेळा जमीन, घर आणि वारसा. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तरी कुटुंब आणि वारसा या बाबतींत 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता चालू राहिली. त्यातील वारसाहक्काच्या भागाची जागा पुढे गोवा विधानसभेच्या 2012 च्या कायद्याने घेतली. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते, पतीच्या निधनानंतरही पत्नीचा निम्मा हिस्सा तिचाच राहतो, आणि मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो.

एवढे असूनही आमच्या बायका हक्क गमावतात, आणि तेही स्वतःच्या सहीने. काही वर्षांपूर्वी एक विधवा बाई इंग्रजीतला दस्तऐवज घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी तिला नोटरीकडे नेण्यात येणार होते. मी तो कागद तिला मराठीत वाचून दाखवला. बराच वेळ ती गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे अर्धं घर माझंच आहे?” तिने सही केली नाही. मी फी घेतली नाही, पण तिच्या कामाची तयारी मोठ्या पक्षकाराच्या कामासारखीच केली. विनामूल्य कामात याहून कमी करणे मला अन्याय वाटतो.

तिच्या घराच्या इन्व्हेंटरीला, म्हणजे न्यायालयामार्फत होणाऱ्या वाटणीला, चार वर्षे लागली. त्यातली दोन परदेशी असलेल्या एका वारसाला समन्स पोचवण्यात गेली. तो शेवटी हजर झाला तेव्हा त्याची कसलीच हरकत नव्हती. ती दोन वर्षे त्या बाईने गळक्या छपराखाली काढली, कारण वाटणी होईपर्यंत घराला हात लावायला कोणी तयार नव्हते.

राज्यघटनेच्या 39-अ या अनुच्छेदात मोफत कायदेशीर साहाय्याचे तत्त्व आहे, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. सत्तरी तालुक्याच्या वाड्यावाड्यांत हे अजून पोचलेले नाही. म्हणून आम्ही काही वकील महिन्यातून एका शनिवारी देवळाच्या सभामंडपात बसतो आणि लोकांचे कागद वाचून देतो. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराचे प्रश्नही तिथे येतात, पण सर्वाधिक वेळ वारसाच्याच कागदांना लागतो.

तुमच्याकडे माझे मागणे पैशांचे नाही. गावच्या घरात तुमचा वाटा असेल, तर आपला सध्याचा पत्ता भावंडांना कळवा आणि गरज असेल तेव्हा विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून द्या. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेता येते. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे मात्र पाठवताना सोबतच्या पत्रात लिहा.