आबांनी मान डोलावली

नमस्कार मंडळी. एक काम करा, हात समोर लांब करा, अंगठा वर धरा आणि त्याच्या नखाकडे बघा. गाडी चालवत असाल तर आत्ता नको हां, घरी गेल्यावर करा. तर एका क्षणाला आपल्याला अगदी बारकाव्यासकट जे दिसतं ना, ते साधारण त्या नखाएवढंच. बाकी सगळं धूसर. मग अख्खी खोली लख्ख दिसतेय असं का वाटतं? एक तर डोळे सेकंदाला साधारण तीनदा इकडून तिकडे उड्या मारत असतात, आणि उरलेलं मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो. अंदाजाने. हा शब्द धरून ठेवा, अंदाजाने.

आता आमच्या आबांचा किस्सा. घरातले वैतागलेत ऐकून, पण तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते.

खिडकीपाशी आबांची आरामखुर्ची, तिला टेकवलेली काठी, आणि संध्याकाळ झाली की आबा तिथेच, वर्षानुवर्षं. एकदा मी ऑफिसातून आले तर लाइट गेलेले, डोकं आधीच तापलेलं, खोलीत शिरले तर आबा बसलेत, डोक्याला टोपी, अंगावर शाल. मी समोरच्या पलंगावर बसकण मारली आणि जी सुरू झाले, साहेब कसा बोलतो, रजा मागितली की तोंड कसं करतो, सगळं. "आबा, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?" आणि आबांनी मान डोलावली! शपथेवर सांगते, डोलावली. मला इतका धीर आला की मी आवाज चढवून आणखी दहा मिनिटं साहेबाचा उद्धार केला. तेवढ्यात मागून, दारातून, आबांचा आवाज आला, "अगं, हे मला सांगतेयस का शालीला?"

टॉर्च मारला. खुर्चीच्या पाठीवर शाल टाकलेली, वर टोपी अडकवलेली, खिडकीतून वारा आला की ती हलायची. ती मान. (खुर्चीवर कपडे टाकणाऱ्यांबद्दल माझं मत वाईटच आहे, कपाटं काय शोभेला असतात का? असो.) गंमत म्हणजे टॉर्च बंद करून मी परत बघितलं, डोळे बारीक केले, तिरकं बघितलं, पण आबा काही पुन्हा दिसेनात.

ह्यात डोळ्यांचा काही दोष नाही बरं का. डोळ्यांनी एक काळपट उभट आकार पाठवला, बाकी आबा मेंदूने केले, कारण खुर्ची तीच, वेळ तीच, काठी जागेवर. पाहणं म्हणजे नकळत काढलेला निष्कर्ष, असं हेल्महोल्ट्झ नावाचा जर्मन शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकातच सांगून गेला. पुढे १९९९ मध्ये राजेश राव आणि डेना बॅलार्ड या दोन संशोधकांनी त्याचं एक मॉडेल मांडलं, म्हणजे कसं, तर मेंदूचा वरचा मजला खालच्याला आधीच कळवतो की आता असं असं दिसेल, आणि खालून वर जातं ते फक्त न जुळलेलं. जुळलं त्याची बातमीच नाही, न जुळलं तेवढंच वर. सगळा मेंदू असाच चालतो का यावर अजून वाद आहेत, पण डोळ्यांकडून मेंदूकडे जाताना थॅलॅमस नावाच्या मेंदूच्या आतल्या भागात एक स्टेशन लागतं, तिथे डोळ्यांकडून येणाऱ्या जोडण्या दहात जेमतेम एक, आणि मेंदूच्या वरच्या थरातून उलट्या येणाऱ्या त्याच्या कितीतरी पट! म्हणून "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय" म्हणत टेबल बडवणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.

तर पुन्हा सांगते, उजेड कमी, डोळ्यांची माहिती कच्ची, की अंदाजाचं वजन वाढतं. आणि अंदाज शिकतो पण पटकन, एकदा फसला की बदलतो.

कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइट गेले. मी आले. खुर्चीत टोपी, शाल, शेजारी काठी. म्हटलं, आज नाही फसत मी. खांद्यावरची बॅग काढली आणि दिली खुर्चीत फेकून.

"आई गं!" खुर्ची ओरडली.