रामकुंडाचं पोस्टकार्ड

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवरून चित्राबद्दल बोलायचं म्हणजे जरा उफराटाच प्रकार. पण नाशिककराला रामकुंड वेगळं दाखवावं लागत नाही, म्हणून हे धाडस. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे, आणि आपली तरुण चित्रकार मंडळी आतापासूनच पंचवटीची डिजिटल पोस्टकार्डं करू लागली आहेत.

त्यांतली बरीचशी कुठल्याही तीर्थाला चालतील अशी असतात: एक कळस, एक घाट, मागे केशरी सूर्य. खाली 'नाशिक' पुसून दुसरं नाव टाकलं तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. महादेवाचं देऊळ म्हटलं की तयार चित्रांतला नंदी उचलून दारात बसवायचा, ही तर सवयच. आता रामकुंडावरच्या कपालेश्वरासमोर नंदी नाही! ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग नंदीनं सांगितला, म्हणून शंकरानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा आहे. तिथे नंदी काढलात, तर पंचवटीतली आजीसुद्धा कार्ड परत करील.

मला विचाराल तर कार्डाचा नायक दुतोंड्या मारुती करावा, म्हणजे रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातली ती मारुतीची मूर्ती. गोदावरीला पूर आला की अख्खं गाव त्याच्याकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, हीच आपली पुराची भाषा. मारुतीच्या कमरेपर्यंत गढूळ पाणी दाखवा, वर जुलैचं आभाळ द्या. गाव आणि महिना दोन्ही आपोआप कळतात. काळाराम मंदिर मात्र घाटाला आणून चिकटवू नका, ते आत पंचवटीत आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेल्या त्या देवळाला वेगळं कार्ड द्या. आणि दगड काळा म्हणून निव्वळ काळा रंग ओतू नका, मोबाइलवर त्याचा नुसता डाग दिसतो. निळसर राखाडी घ्या, कडांना थोडा उजेड ठेवा.

थोडं तांत्रिक. कार्ड पुढेमागे छापायचं असेल तर सहा बाय चार इंचांसाठी १८०० बाय १२०० पिक्सेल घ्या आणि चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र कापणीसाठी सोडा. पडद्यावरचा झळझळीत भगवा छपाईत मंदावतो, तेव्हा आधी एक नमुना काढून बघा. क्रिता, इंकस्केप ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, सुरुवातीला तेवढी पुरेत.

अक्षरांचं मात्र मनाला लागतं. इंग्रजी शीर्षकांसारखी अक्षरं ऐसपैस करण्याच्या नादात शिरोरेघ तुटते आणि 'गोदावरी' चार तुकड्यांत वाहू लागते. अक्षरांमधलं अंतर शून्यच राहू द्या. मोठं हवं तर अक्षर मोठं करा. ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी पडली का, हेही तपासा. 'नाशिक'मधली वेलांटी काही सॉफ्टवेअरमध्ये 'श'च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष जरूर लिहा. सिंहस्थ आला की घाटावर कामं निघतात, पायऱ्या-कठडे बदलतात, आणि दहा वर्षांनी कार्ड बघणाऱ्याला ते कधीचं, हे कळायला हवं. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलंत तर बारकावे दबतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नमस्कार.